एका चुलीचा नारळ

रतनमावशी आमच्या वाडीत आली तेव्हा तिच्या डोक्यावर शिवणाचं मशीन होतं, असं मला लख्ख आठवतं. आई म्हणते, काहीतरीच. डोक्यावर पत्र्याची ट्रंक होती, मशीन मागाहून टेम्पोतून आलं. मी तेव्हा पहिलीत होते आणि कोकण रेल्वे इतकी नवी होती की माणसं नुसती ती बघायला कुडाळपर्यंत जात. तेव्हा आईचंच खरं असणार. पण डोळे मिटले की मला मशीनच दिसतं. दुपारची वेळ, वाळूवर पाय ठेववत नाही असं ऊन, समुद्राकडून एक उंच बाई डोक्यावर मशीन घेऊन येते आहे आणि तिच्या पुढे माझी सुलाआत्या, रिकामी टोपली काखेत मारून, दर चार पावलांनी मागे वळून बघत चालली आहे. इतक्या वर्षांत मी त्या चित्रात काही बदल केलेला नाही, आणि आता करणारही नाही.

सुलाआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन देवगडकडे गेली, महिन्याभरात परत आली, आणि का आली ते तिने कुणाला सांगितलं नाही. आजोबांनी वाडीच्या टोकाला सुरूच्या झाडांत तिला दोन खोल्या बांधून दिल्या. सुकी मासळी घेऊन ती बाजार फिरायची, आठवड्यातून एकदा एसटीने थेट फोंडाघाटपर्यंत. तिथे तिच्या शेजारी रतनमावशी बसायची, परकर-पोलकी आणि उशांचे अभ्रे शिवून विकायला. शेतकरी घरातली, मासळीच्या वासाने पदर नाकाला लावणारी. चार वर्षं दोघी अशा शेजारी बसल्या, आणि एक दिवस रतनमावशी आपलं गाठोडं उचलून आत्याबरोबर एसटीत चढली. एवढीच ती गोष्ट. कुणी विचारलं तर आत्या म्हणायची, "माझी मैतरीण आसा. हयच रवतली." लोक म्हणायचे, बरं झालं, एकटीच असायची बिचारी. पुढे पदर नाकाला लावणारी हीच बाई तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं असं करू लागली की वाडीतल्या जन्माच्या कोळणी तिला विचारायला यायच्या. तिच्या हातचं तिखलं शिळं जास्त लागायचं. दुसऱ्या दिवशी उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर ते खाताना आपण मागच्या जन्मी काहीतरी पुण्य केलं असणार असं मला वाटे.

माझं निम्मं लहानपण त्या घराच्या ओट्यावर अर्धवट झोपेत गेलं. आमच्या घरी तीन भावंडांचा कालवा, तिथे शांत. शांत म्हणजे आवाज होते, पण ते सगळे झोप आणणारे. सुरूच्या पानांतून वारा जाताना होणारी सूं, लांब समुद्र, आणि मधेच मशीनची खडखड. मशीन थांबलं की मला जाग यायची. मग मिटल्या डोळ्यांच्या फटीतून मी बघत राहायची. आत्या रतनमावशीच्या केसांना तेल लावते आहे. रतनमावशी म्हणते आहे, पुरे झालं. आत्या म्हणते आहे, उगी रव. दोघी मिठावरून भांडत, कमी पडलं की जास्त झालं यावरून दिवस दिवस अबोला धरत, आणि चहा मात्र त्या अबोल्यातही एकाच बशीतून पीत. मला त्यात नवल वाटत नसे. लहान मुलाला सगळं माहीत असतं आणि त्याला नाव ठाऊक नसतं. तसं माझं होतं. वाडीचंही तसंच होतं, असं मला आता वाटतं.

आमच्या वाडीत माणसं मोजत नसत, चुली मोजत. रापण लागायची तेव्हा हे दिसायचं. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर सगळ्या वाडीने किनाऱ्यावरून ओढायचे, ही रापण. मासळी वाळूवर आली की तिचे ढीग घालत, एका चुलीला एक ढीग. आत्या आणि रतनमावशी यांचा पहिल्या वर्षापासून एक ढीग असे. कुणी ठराव केला नाही, कुणी विचारलं नाही. रतनमावशी दोराला हात लावत होती, तिच्या तळव्यांना इतरांसारखे घट्टे पडले होते, आणि तिची चूल आत्याचीच होती. नारळी पुनवेलाही तसंच. पावसाळ्याची बंदी संपून होड्या पाण्यात लोटायच्या आधी प्रत्येक चुलीचा एक नारळ समुद्राला जायचा. नारळ ओळीने मांडत, आणि त्यांच्यापुढे उभे राहून माझे बाबा गाऱ्हाणं घालत.

बाबांना सगळी वाडी आपा म्हणायची. घरात ते दिवसाला दहा-बारा शब्द बोलत, त्यातले चार "मीठ दी" आणि "दिवो लाव" यांत जात. आई म्हणायची, "ह्येंची जीब पुनवेक सुटता, मगे परत वरसभर बांदून ठेवतत." पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की तो दुसराच माणूस. समुद्राकडे तोंड, हात जोडलेले, आणि आवाज असा की जाळ्याचा दोर हळूहळू सुटत जातो तसा सुटत जायचा. एकेका घराचं नाव घ्यायचं, त्या घराचं सुखदुःख देवाच्या कानावर घालायचं, मागणं मागायचं, आणि शेवटी "रे म्हाराजा" म्हणून थांबायचं. थांबले की मागून सगळ्या वाडीने एकदम म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" ते म्हटल्याशिवाय मागणं पुरं होत नाही. त्यात सगळ्यांत मोठा आवाज तात्या तांडेलाचा. तात्या रापणीचा म्होरक्या होता, होडीवरून किनाऱ्याला हाका मारून त्याचा गळा तयार झाला होता.

तर त्या वर्षीची गोष्ट. मी बारावी पास झाले होते, वक्तृत्व स्पर्धेत दोन कप मिळवले होते आणि जगातलं सगळं मला कळतं अशा समजुतीत फिरत होते. होड्या माडाच्या झापांखाली शाकारून पडलेल्या, पुरुष जाळी विणत बसलेले, आणि बायका दुपारी आत्याच्या ओट्यावर गोलमा निवडायला जमत. गोलमा म्हणजे बारीक सुकी कोळंबी. त्यातले खडे आणि कचरा काढायचा. ते काम हाताचं, कान मोकळे, म्हणून मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. पेपर दुपारच्या एसटीने पावाच्या टोपल्यांबरोबर यायचा आणि त्याला पावाचाच वास असायचा. त्या दिवशी डिझेल वाचून झालं, अपघात वाचून झाला, आणि मग दिल्लीची बातमी आली. तिथल्या कोर्टाने निकाल दिला होता की दोन सज्ञान माणसं, मग ते दोन पुरुष असोत की दोन बायका, आपल्या मर्जीने एकमेकांवर प्रेम करत असतील तर तो गुन्हा नाही.

"म्हंजे आदी गुन्हो होतो?" आई गोलमा पाखडता पाखडता म्हणाली.

"होतो," मी म्हटलं. "इंग्रजांच्या वेळपासून."

आतलं मशीन थांबलं. ते थांबल्याचं मी ऐकलं, आणि मी गप्प बसायला हवं होतं. पण सात-आठ बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि माझ्यासारखीला तेवढं पुरतं. मी पेपरातून मान वर काढली आणि पेपरात नसलेलं वाक्य त्याच आवाजात म्हटलं. "आता दोन बायका लग्नसुद्धा करूक शकतत! आते, तुमचा लगीन लावया मगे, तुझा आणि मावशीचा!"

मला वाटलं होतं सगळ्या हसतील. कुणी हसलं नाही. आत्याचा हात गोलम्यात होता तो तसाच राहिला. मग तिने सूप उचललं, उठली, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. बायका एकेक करून पदर झटकत निघाल्या. माझ्या हातात पेपर होता आणि त्यात लग्नाचा शब्दही नव्हता. तो मी घातला होता.

संध्याकाळपर्यंत त्याची गजाल झाली, म्हणजे वाडीभर चघळायची गोष्ट. विहिरीवर गेली तेव्हा ती "सुला आणि रतन लगीन करतहत" अशी होती. दुकानापर्यंत पोचली तेव्हा कोर्टाचा कागदसुद्धा आलेला होता. तात्या तांडेलाकडे रंगीत टीव्ही होता. तिथे वाडी जमली आणि बघते तो दिल्लीतली माणसं याच विषयावर भांडत होती. एक भगवे कपडे घातलेला बुवा, एक वकीलबाई, आणि मधे सगळ्यांच्या वर ओरडणारा एक तरुण. कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. त्यात निवडणुका जवळ आलेल्या. आठवड्याने एक पुढारी जीपने आला आणि जेटीचं आश्वासन देता देता संस्कृतीवर घसरला. दिल्लीत आता बायका बायकांशी लग्नं लावणार, म्हणाला, पण आपलं कोकण हे खपवून घेणार नाही. खपवून घ्यायचं काय ते सुरूच्या टोकाला कपडे वाळत घालत होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. वाडीला होतं. अकरा वर्षं ज्याला नाव नव्हतं त्याला टीव्हीने नाव दिलं, आणि नाव मिळाल्यावर लोकांना ते दिसायला लागलं. माझा हात नसता तर कदाचित वाडीने तो विषय दिल्लीचाच मानला असता. हे मी अजूनही स्वतःला ऐकवते.

तात्याने देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावली. तो वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगायला हवं. आमची होडी उलटली तेव्हा बाबांना त्यानेच केसाला धरून वर काढलं होतं. पण आपल्या वाडीला कुणी हसेल याची त्याला फार धास्ती.

"आपा," तो म्हणाला, "तुझी भयण म्हणान इतकी वर्सां कोण काय बोललो नाय. पण आता पेपरात इला, टीव्हीर इला. उद्या बाजारात लोक आमका विचारतले."

"काय विचारतले?" बाबा म्हणाले.

"माका तोंडान बोलूक लावू नको. एका चुलीचो एक नारळ, ही आमची रीत. चूल म्हंजे घोव-बायल, नायतर आवस-झील. सुला वाडयेची लेक, तिचो नारळ घेवया. रतनचो हय काय संबंद? तिचो नारळ तिच्या गावाक."

नवरा-बायको नाहीतर आई-मुलगा असेल तरच चूल, आणि यातलं काय कशाला जोडलेलं होतं ते तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. नारळ नाही तर चुलीत नाव नाही. नाव नाही तर रापणीच्या ढिगात वाटा नाही, वाळूवर मासळी सुकवायला जागा नाही. म्हणजे रतनमावशीने जायचं. मागच्या खांबाला टेकून आई बसली होती. बैठकीत बायका बोलत नसत, पण ती बोलली. "अकरा वर्सां तिना दोर ओढल्यान, तेवा संबंद होतो?" सगळे बाबांकडे बघत होते आणि बाबा जमिनीकडे. ते काहीच बोलले नाहीत, आणि न बोलणं म्हणजे होकार असं धरून बैठक उठली. त्या दिवशी मला माझ्या बापाची शरम वाटली. हे लिहायला नको वाटतं, पण वाटली हे खरं आहे.

बातमीपासून पुनवेपर्यंतचे पाच आठवडे मला एका लांब दुपारसारखे आठवतात. आकाश खाली आलेलं, समुद्र मळकट, आणि सगळ्या आवाजांवर कापड टाकल्यासारखं. आत्या माझ्याशी बोलेना. तिने मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या, झाडूने मारायला हवं होतं. मी दारात उभी राहिले की ती माझ्या अंगावरून पलीकडे बघायची. बोलायची ती रतनमावशीच. एकदा मला ओट्यावर बसवून तिने वाटीत पेज दिली आणि म्हणाली, "तुझो काय दोस नाय गो. पुनव झाली की दुसऱ्या दिसाच्या गाडयेन मी जातंय. सुलाक हयच जन्म काढूचो आसा, माझ्यापायी तिका वाडी सुटाक नको." तिच्या मागे ट्रंक दिसत होती, काथ्याच्या दोरीने बांधलेली. मशीनवर जुनं लुगडं टाकलेलं होतं. आत्या चुलीपुढे पाठ करून बसली होती आणि चूल फुंकत होती. चूल तर चांगली पेटलेली होती.

पुनवेच्या आदल्या दिवशी बाबा होडीला तेल लावत होते. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. कप घेऊन ते होडीच्या कडेवर टेकले.

"त्या पेपरात लग्नाचा लिवलेला होता?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"मगे?"

"मी घातलंय."

"कित्याक?"

वक्तृत्वाचे दोन कप मिळवलेली मी पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत राहिले. "माका वाटला तसा होवक व्हया," मी म्हटलं, आणि माझं रडू फुटलं. ते मी नुसतं आत्यासाठी म्हणत नव्हते, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. आज कुडाळला माझी आणि माझ्या जोडीदारणीची एक चूल आहे, आणि गॅसच्या पुस्तकावर मात्र नाव एकटीचंच. बाबांना तेव्हा काही उमगलं असेल का? त्यांनी चहा संपवला, कप वाळूने घासून माझ्या हातात दिला आणि "बरा" एवढंच म्हणाले.

पुनवेच्या सकाळी पाऊस नव्हता. ऊन इतकं मऊ होतं की सगळी वाडी दुधात भिजवून काढल्यासारखी दिसत होती. दर पुनवेला आत्या आणि रतनमावशी वाडीसाठी शिरवाळे करत. शिजवलेल्या तांदळाच्या पिठाचे गरम गोळे लाकडी साच्यात घालून दाबायचे, खाली शेवया पडतात, आणि त्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसातून खायच्या. एकीने साचा धरायचा, दुसरीने अंगाचा भार टाकून दाबायचं. एकट्या माणसाला ते जमत नाही. त्या वर्षीही त्यांनी ते केले होते. मी गेले तेव्हा केळीच्या पानांनी झाकलेलं भलं मोठं भांडं ओट्यावर होतं आणि न्यायला कुणी आलं नव्हतं.

"आते, नारळ दी," मी म्हटलं.

आत्या उंबऱ्यात उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं, मग रतनमावशीकडे. रतनमावशीने मान हलवून नको म्हटलं. तेव्हा आत्या आत गेली आणि हळद-कुंकू लावलेला नारळ घेऊन आली. म्हणजे तिने तो लावून ठेवलेला होता. तिने तो माझ्या ओंजळीत ठेवला.

किनाऱ्यावर सगळे जमले होते, नवे सदरे, नव्या साड्या, आणि ओल्या वाळूवर नारळांची लांब ओळ. मी सगळ्यांमधून चालत गेले आणि ओळीच्या शेवटी तो नारळ ठेवला. तात्या तांडेलाने तो बघितला. तो बाबांच्या कानाशी वाकला. "आपा, त्या नारळाचा नाव घेव नको हां. वाडयेचा ठरलेला आसा." बाबांनी हात जोडले आणि समुद्राकडे तोंड केलं. मागे वळून बघितलं तर लांब सुरूंच्या सावलीत त्या दोघी उभ्या होत्या.

"बा देवा समुद्रा," बाबांनी सुरुवात केली, "बारा गावच्या, बारा वाटांच्या म्हाराजा! आज पुनवेच्या दिसाक ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, तेंच्यार नदर ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग घरामागून घर. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचा गुडघा, कुणाची नवी होडी. तात्याच्या घराला त्यांनी सगळ्यांत जास्त मागितलं, नातू मागितला, आणि तात्या स्वतःच्याच घरासाठी सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाला. लाटा येत होत्या, शब्द जात होते, आणि त्या लयीत मी कुठे आहे तेच मला कळेनासं झालं होतं. सगळ्यांचंच तसं होतं. डोळे अर्धे मिटलेले, हात जोडलेले, बाबा थांबले की तोंडातून आपोआप हुंकार. ओळीतला शेवटचा नारळ बाबांनी उचलला तेव्हा त्यांचा आवाज जरासुद्धा बदलला नाही.

"आणि म्हाराजा, वाडयेच्या टोकाक, सुरूंच्या मुळात जी चूल पेटता, त्या चुलीची सुलोचना आणि रतन, ही जोडी एका मनान ऱ्हवता, तेंचो ह्यो नारळ. बाकीच्या घरांच्यो जोडयो राखतंस तशी ही राख. आणि तेंच्या चुलीत कोण पाणी ओतूक इलो, तर तेका तुझ्या लाटेखाली घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी वाडी म्हणाली. तात्याचा आवाज सगळ्यांच्या वर होता. आणि मग समजत गेलं. आधी पुढच्या ओळीत, मग मागे. कुणीतरी खोकलं. एक बाई "गो बाये" म्हणाली. बाबांनी तोवर नारळ पाण्यात सोडला होता, आणि तो डुलत डुलत दुसऱ्या नारळांमध्ये मिसळून गेला होता.

तात्याचं तोंड राखेसारखं झालं होतं. "आपा, काय बोललंस तू ह्या?"

"मी काय बोललंय ता दर्याक म्हायत," बाबा म्हणाले. "तू काय बोललंस ता सगळ्या वाडयेक म्हायत."

मी बाबांच्या तोंडून इतकं लांब वाक्य गाऱ्हाण्याबाहेर कधी ऐकलं नव्हतं. तात्या पाण्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला त्याच पाण्यात होडी घालायची होती, आणि त्या पाण्यापुढे जोडलेल्या हातांनी तो स्वतः हो म्हणाला होता. ते परत घ्यायची छाती आमच्याकडे कुणाचीच नाही. शेवटी त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि बायकोला म्हणाला, "बघतंस काय? ओट्यावरला भांडा घेवन ये. शिरवाळे थंड होतले."

पुढे दिल्लीतल्या मोठ्या कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि मग काही वर्षांनी पुन्हा उलटा केला. लग्नाचा दावा त्याच्याही नंतर लागला आणि कोर्टाने तो सरकारच्या अंगणात टाकला. तो अजून तिथेच पडून आहे. दर वेळी मी कुडाळहून फोन करून आत्याला सांगायची, आणि दर वेळी ती म्हणायची, "तेंचा ठरला काय मगे कळव." आमच्याकडे गाऱ्हाण्यात एकदा शिरलेला शब्द कुणी काढत नाही. बाबा गेले, आता तात्याचा तोच मागितलेला नातू, मिसरूड फुटलेला पोरगा, गाऱ्हाणं घालतो, आणि सुरूंच्या मुळाशी येऊन तोही तेच शब्द म्हणतो.

त्या संध्याकाळी मी ओट्याच्या पायरीवर बसले होते. भांडं रिकामं झालं होतं, तळाला गुळाचा रस तेवढा उरला होता. ट्रंकेची दोरी सोडून रतनमावशीने अंगणात बांधली होती आणि तिच्यावर धुतलेलं लुगडं वाळत होतं. समुद्रावर अजून उजेड होता, कुठून येतो ते कळू नये असा. "रुपा," आत्याने हाक मारली, "हय ये गो." पाच आठवड्यांतली पहिली हाक. तिने तांदळाच्या डब्यात हात घातला आणि घडी घालून ठेवलेला पेपर काढला. त्याला आता पावाचा नाही, तांदळाचा वास येत होता.

"वाच," ती म्हणाली. "सगळो वाच. तुझा काय घालू नको."

मी वाचलं. अक्षर अन् अक्षर, मधे न थांबता. दोघी शेजारी शेजारी बसून ऐकत होत्या, हातात एकच बशी.

"ह्यात लग्नाचा खंय आसा?" रतनमावशीने विचारलं.

"नाय आसा मावशी. ता मी घातलेलंय."

"आणि जोडी म्हणान हिच्या बापाशीन घातल्यान," आत्या म्हणाली. "बाप-लेकीक दोगांकय खोड आसा."

रतनमावशीने बशीतला शेवटचा घोट आत्यापुढे केला. "घातला तर घातला," ती म्हणाली. "आता रवांदे तसाच."

सकाळी आत्या सुरूंखाली लांब उभी होती. गाऱ्हाण्याला तिने हुंकार दिला नव्हता. तिने बशी घेतली, समुद्राकडे बघितलं, आणि इतक्या हळू म्हणाली की मी शेजारी होते म्हणून ऐकू आलं.

"व्हय म्हाराजा."